लेंड्या होत्या, काड्या नव्हत्या

१

युवक महोत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी अंजली मॅडमनी विज्ञान इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडचं दार ढकललं, तेव्हा आत पत्रावळी सोडून सगळं होतं. झाडू होता, बादली होती, मोडकं टेबल होतं. तांड्यावरच्या बायांनी अख्खा पावसाळा बसून टाचलेल्या, छातीला लागतील एवढ्या थप्प्यांनी रचलेल्या पळसाच्या पत्रावळी मात्र नव्हत्या. त्यांच्या जागी फरशीभर लेंड्या पसरल्या होत्या आणि पानांचे चार-दोन तुकडे.

मॅडम तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवत. तासिका तत्त्वावरच्या माणसाला ओरडण्याचा हक्कसुद्धा तासापुरताच असतो, आणि त्या वेळी त्यांचा तास नव्हता. त्या दारातच खाली बसल्या.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना डाव्या हाताला विद्यापीठाचा एक धाकटा परिसर होता. तीन इमारती, दोन वसतिगृहं, एक तळं आणि बाकी सगळं गवत. पूर्वी हे गायरान होतं. तळ्याच्या काठी सोनाजी नावाच्या मेंढपाळाचा वाडगा, म्हणजे शेळ्या कोंडायचं काटेरी कुंपण, विद्यापीठाच्याही आधीपासून होता. पहिल्या संचालकांनी तोंडी सांगून टाकलं होतं की राहू दे बुवा, तेवढंच गवत कापलं जाईल. उन्हाळ्यात त्या तळ्याशिवाय सोनाजीच्या शेळ्यांना आसपास कुठं पाणी नव्हतं.

मागच्या वर्षीच्या महोत्सवानंतर या गवतात थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास दिवाळीपर्यंत उडत होते. सोनाजीच्या दोन गाभण शेळ्या फुगून मेल्या. पोट फाडलं तर आत महोत्सव निघाला. अंजली मॅडमनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि यंदाचा महोत्सव कचरामुक्त करायचा, हे तिथंच ठरवलं. पाणी रांजणातलं, फलक कापडाचे, पाहुण्यांना गुच्छाऐवजी हळदीचं रोप, जेवण पत्रावळीवर, उरलेलं अन्न शेळ्यांना आणि उष्ट्या पत्रावळी खताच्या खड्ड्यात. असं सगळं त्यांनी योजलं होतं. गेला आठवडाभर त्या रांजण आणि रोपं जमवायला वसमतच्या चकरा मारत होत्या, म्हणून शेडकडे समितीचे अध्यक्ष शिवहार सर बघत होते.

शिवहार सर पर्यावरण विभागाचे प्रमुख. मागच्याच वर्षी त्यांनी व्यासपीठावरून शपथ घेतली होती की प्लास्टिक आणि थर्माकोल हे शब्दसुद्धा यापुढे तोंडातून काढणार नाही. त्यानिमित्त त्यांचा सत्कार झाला आणि त्यांच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स गेटवर लागला. फ्लेक्स हा प्लास्टिकचाच असतो हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या आलं त्यांनी नोकरी सांभाळली. अंजली मॅडमना सर वडिलांच्या जागी होते. त्यांच्याच हाताखाली त्या पीएच.डी. करत होत्या आणि घरच्यांपेक्षा त्यांचं जास्त ऐकत होत्या.

बघता बघता शेडपुढं गर्दी जमली. संचालक किसनराव आले, त्यांनी रुमाल नाकाला लावून फरशीकडे पाहिलं आणि उभ्या उभ्या निकाल दिला. सोनाजीच्या शेळ्यांनी दाराला बांधलेली सुतळी तोडून दार ढकललं आणि विद्यापीठाची मालमत्ता खाल्ली. सबब उद्या संध्याकाळपर्यंत वाडगा उचलायचा. तळ्यावर यापुढे जनावर दिसता कामा नये.

शिवहार सर मान खाली घालून म्हणाले की फार वाईट झालं, पण जनावराला काय कळतं.

सोनाजीला बोलावून आणलं होतं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यानं लेंड्यांकडे बराच वेळ पाहिलं, मग जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि नजर पायांवर आणली. किसनरावांनी विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का.

"काही न्हाई, साहेब."

गर्दी पांगणार, तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला.

"साहेब, रुमाल जरा काढता का? इथं मुताचा वास काहून येऊन राहिला न्हाई?"

२

या यशोदाबाई. तर्कशास्त्राच्या प्राध्यापिका. या परिसरात तर्कशास्त्राला कधी विद्यार्थी मिळाला नाही आणि कुणाला त्याची उणीवही भासली नाही. पगार तर चालू होता, म्हणून विद्यापीठानं त्यांना मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर केलं. तिथं मात्र त्यांचं शास्त्र कामाला आलं. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती की सिनेमाला, हे बाई तिच्या चपलांवरून सांगत.

किसनरावांनी रुमाल काढला आणि हुंगलं. मुताचा वास खरंच नव्हता. वास होता तो वेगळाच, दमट, बुरसट, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीला येतो तसा.

"शेळ्यांनी लेंड्या टाकल्या आणि बाकीचं बाहेर जाऊन केलं, असं म्हणायचं का?" बाई म्हणाल्या.

मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पत्रावळी आकसू नयेत म्हणून प्रत्येक थप्पीवर एक सपाट शहाबादी दगड ठेवलेला असायचा. ते सगळे दगड भिंतीला टेकवून एकाला एक लावून ठेवले होते. हनुमान नावाचा विद्यार्थी प्रतिनिधी मागं फिसकन हसला.

यानंतर बाईंनी जे केलं त्याची आठवण परिसरात अजून काढतात. किसनरावांच्या केबिनमध्ये एक नमुन्याची पत्रावळ काचेच्या चौकटीत लावलेली होती. बाईंनी ती मागवली, चौकट उघडली आणि पत्रावळ सोनाजीच्या एका शेळीपुढं धरली. संचालकांच्या केबिनमधली वस्तू एखाद्या शेळीनं अधिकृतपणे खाण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. शेळीनं पानं चवीनं खाल्ली, मध्येच तोंड वाकडं केलं आणि पानं टाचायच्या बांबूच्या बारीक काड्या एक एक करून खाली सोडल्या. खाऊन झाल्यावर तिच्या पुढ्यात काड्यांचा छोटा ढीग पडला होता.

शेडमध्ये एक काडी नव्हती.

"म्हणजे साहेब, ही शेळी दगड उचलून भिंतीला लावती, काड्या चावून खाती आणि लघवीला बाहेर जाती," बाई म्हणाल्या. "एवढं वळण लागलेली पोरगी माझ्या वसतिगृहात एक न्हाई."

किसनराव लाजले, पण संचालकानं लाजून निकाल बदलायचा नसतो. कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटन उद्या सकाळी होतं आणि पहिली पत्रावळ खड्ड्यात टाकण्याचा मान त्यांनाच होता. उद्घाटनापर्यंत खरं काय ते समोर आणा, म्हणाले, नाहीतर वाडगा उठेल. सोनाजी तेवढं ऐकून काही न बोलता वाडग्याकडे निघून गेला. आपल्या बाजूनं एवढं बोलणाऱ्या बाईंकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

बाईंना ते खटकलं. मग त्यांनी वाकून एक लेंडी उचलली आणि तळहातावर घोळवली. तळहाताला करडी भुकटी लागली. शेडच्या फरशीवरची धूळ तर लाल मातीची होती.

३

संशय घ्यावा अशी दोन माणसं समोरच होती. दोघंही आपण होऊन भेटायला आले, यावरून बाईंनी त्यांना निम्मं निर्दोष धरलं.

पहिला मोहनसिंग, वसमतचा मंडपवाला. दुपारीच त्याचा टेम्पो गेटवर उभा राहिला आणि आत थर्माकोलची ताटं पांढरी शुभ्र रचलेली होती. यंदा पत्रावळीमुळं त्याचा धंदा बुडाला होता, आणि कमिटीच्या बैठकीत अंजली मॅडमचं आणि त्याचं वाजलंही होतं. हनुमानानं टेम्पो पाहताच टायरची हवा सोडायची परवानगी मागितली. बाईंनी ती नाकारली आणि मोहनसिंगला चहा पाजला.

पत्रावळी आज सकाळी गेल्या आणि ताटं दुपारी हजर, हे कसं, असं त्यांनी विचारलं. मोहनसिंगला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. तो म्हणाला की ताटं आज नाही, काल दुपारीच बांधून ठेवली होती. परिसरातून फोन आला होता.

"कुणाचा?"

"नाव न्हाई सांगितलं, बाई. लई शुद्ध बोलत व्हते. म्हणले, ती तुमची वस्तू तयार ठेवा, परवा लागंल. मी म्हणलं कोणती वस्तू, मंडपाचे बांबू का? तर म्हणले, न्हाई हो, ती पांढरी, जेवायची. मी म्हणलं थर्माकोल का? तर म्हणले, तेच ते. आता बगा, सरळ नाव घ्यायला काय जातं मानसाचं?"

बाईंनी कप खाली ठेवला. पत्रावळी गेल्याचं सापडलं आज सकाळी. महोत्सवाला त्या नसणार हे कुणाला तरी काल दुपारीच ठाऊक होतं.

दुसरा हनुमान. पोरगं तडफदार होतं. यंदा फटाके नाहीत, फ्लेक्स नाहीत, म्हणून त्यानं समितीच्या नावानं मोर्चाही काढला होता. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं सांगून टाकलं की सगळे आपल्यावरच आळ घेतील हे ठाऊक आहे. पण पत्रावळीला हात लावला असेल तर नागनाथाची शपथ. त्याची तक्रार वेगळीच होती.

"बाई, खताचा खड्डा आमी खंदला. मी अन् वसतिगृहातली पोरं. हातं फुटले. मी आत उतरलो तर गळ्यापर्यंत बुडत व्हतो. आज जाऊन बगा, कमरेला बी लागत न्हाई. सर म्हणले, तळाला गवताचा थर दिलाय, शास्त्र आहे ते. मग आमाला एवढा खोल काहून खंदायला लावला?"

हनुमान तक्रार करून मोकळा झाला. बाई बराच वेळ खिडकीबाहेर खड्ड्याच्या दिशेनं बघत बसल्या. मग उठल्या आणि शिवहार सरांकडे निघाल्या. सरांची आणि त्यांची ओळख या परिसरात पहिला विजेचा खांब रोवला तेव्हाची होती.

४

सर क्वार्टरच्या ओट्यावर गुलाबांना खत घालत होते. त्यांचे गुलाब प्रसिद्ध होते. पायरीवर पितळेचा एक तांब्या होता. सकाळी भरलेला येई, संध्याकाळी रिकामा जाई. सरांनी बाईंना बसायला सांगितलं आणि चहा ठेवला. चहाला वेगळी गोडी होती.

"शेळीचं दूध," सर म्हणाले. "गावाकडचा एक ओळखीचा माणूस आणून ठेवतो. पचायला हलकं."

दुधाचा चहा पीत पीत सर शेळ्यांवर बोलले. म्हणाले की शेळी हा प्राणी पर्यावरणाला घातक आहे, वाळवंटं तिनं केली आहेत, आणि परिसरात त्या नसाव्यात असं आपलंही शास्त्रीय मत आहे. पण गरीब माणूस आहे, साहेबांना सांगून दोन-चार महिन्यांनी काहीतरी करता येईल. अंजलीचं मात्र वाईट वाटतं. पोरगी सकाळपासून जेवलेली नाही. आता उद्या मोहनसिंगची ती वस्तू वापरावी लागेल, इलाज नाही.

बाईंनी मान हलवली आणि गुलाबांचं कौतुक केलं. सर खुलले. खत लेंडीचंच, ते म्हणाले, पण त्यात चुलीची राख मिसळायची, म्हणजे मुळांना हुमणीची अळी लागत नाही. बोलता बोलता त्यांनी पोत्यात हात घालून मूठभर दाखवलं. करड्या, राखेनं माखलेल्या लेंड्या.

बाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

त्या थांबल्या. चहा संपला होता तरी बशी हातात धरून थांबल्या. एका माणसाला आपण होऊन बोलायला जेवढा वेळ लागू शकतो तेवढा त्यांनी दिला. शेवटी स्वतःच म्हणाल्या, "सर, खड्ड्याच्या तळाशी काय घातलंय?"

"गवत," सर म्हणाले आणि कप विसळायला आत गेले.

५

चोर कळला होता. चोरी मात्र कळत नव्हती. ज्या माणसानं पत्रावळीसाठी सहा भाषणं दिली, तो त्या नाहीशा का करेल? आणि सोनाजी गप्प का? खोटा आळ आलेला माणूस एकदा तरी म्हणतो की मी नाही. हा म्हणत नव्हता. आणि त्याचं तर पाणी तुटणार होतं.

ऊन उतरताना बाई अंजली मॅडमना घेऊन तांड्यावर गेल्या. शकुंतलाबाई दारात बसून डोकं धरून होत्या. पत्रावळीचं काम त्यांच्याच देखरेखीखाली झालं होतं. शेजारच्या शालूबाईंनी तर सुईणीसारखी एक एक पत्रावळ वरखाली करून घेतली होती. बायांचं दुःख वेगळं होतं. आमच्या हातचं विद्यापीठात जेवायला वाढतील, असं त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांत सांगून ठेवलं होतं.

बाईंनी विचारलं की मधल्या काळात कुणी पत्रावळी बघायला गेलं होतं का.

"मी गेलते की," शकुंतलाबाई म्हणाल्या. "सर म्हणले, काळजी नका करू, मी त्यांना पानी मारून झाकून ठेवलंय, मऊ राहत्याल. मी म्हणलं, सर, आत्ताच काहून? जेवनाच्या सकाळी शिंपडायचं असतंय. वाळलेलं पान वाळलेलंच बरं. ओलं करून झाकलं की बुरा धरतो, वास मारतो. सर म्हणले, पुस्तकात तसंच हाय."

अंजली मॅडमनी बाईंचा हात धरला. शेडमधला तो दमट वास दोघींनाही एकदमच आठवला.

"मला कसं नाही सांगितलं सरांनी," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी रोज संध्याकाळी फोन करत होते. रोज म्हणाले, सगळं ठीक आहे."

"तुमाला काय सांगतील," शकुंतलाबाई म्हणाल्या, "सोनाजीला बी न्हाई सांगितलं त्यांनी."

बाईंनी विचारलं, सोनाजीला सांगायचा काय संबंध.

शकुंतलाबाईंनी दोघींकडे नवलानं पाहिलं. "तुमाला ठाऊक न्हाई? सख्खे भाऊ हायेत ते. एका आईचे. शिवहार शाळंत जावा म्हणून सोनाजीनं दुसरीतून नाव काढलं अन् काठी घेतली. ते तांब्यानं दूध कोण आनून ठिवतंय मग?"

६

सकाळी उद्घाटनाच्या आधी बाईंनी खड्ड्याजवळ मोजकीच माणसं बोलावली. किसनराव सफारी घालून आले होते. अंजली मॅडम, हनुमान, शिवहार सर. सोनाजी थोडा लांब, काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

बाई वर्गात शिकवल्यासारखं बोलल्या. कदाचित त्यांच्या नोकरीतला तर्कशास्त्राचा तो पहिलाच तास असेल.

दगड माणसानं उचलले. लेंड्या माणसानं टाकल्या, आणि त्या राख मिसळलेल्या खताच्या होत्या. परिसरात खतात राख एकच माणूस मिसळतो. ताटांचा फोन पत्रावळी गेल्याचं कळायच्या आदल्या दुपारी झाला, आणि फोन करणाऱ्याला थर्माकोल हा शब्द उच्चारता आला नाही, कारण तो न उच्चारण्याची शपथ त्यानं चारशे लोकांसमोर घेतली होती. माणूस खोटं बोलू शकला, पण शपथ मोडू शकला नाही. एवढा काटेकोर माणूस परिसरात दुसरा नाही.

"हनुमान," बाई म्हणाल्या, "आता खंद."

हनुमानानं वरची माती काढली. गवताचा पातळ थर निघाला आणि त्याखाली पत्रावळी लागल्या. काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, वर पांढऱ्या बुऱ्याची लव. काड्या मात्र जशाच्या तशा, एक एक टाका जागेवर. आणि सगळ्याच्या तळाशी, घडी घालून, ज्यात त्या आठवडाभर ओल्या गुंडाळून ठेवल्या होत्या ते आवरण. हनुमानानं ते उलगडलं. फ्लेक्स होता. त्यावर शिवहार सर हार घालून हसत होते.

फोटोतले सर हसतच राहिले.

मग सर बोलले. पुस्तकात ओलावा टिकवायला सांगितलं होतं, म्हणून पाणी मारलं. धूळ लागू नये म्हणून झाकलं. झाकायला घरात दुसरं काही नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा. परवा उघडलं तर हे. अध्यक्षाच्या हातून, तेही त्या फ्लेक्समध्ये, लोक काय म्हणतील, हेच डोक्यात राहिलं. शेळ्यांचं नाव झालं असतं तर माणसाला कुणी काही बोललं नसतं. साहेबांचा राग दोन दिवसांत उतरेल असं वाटलं. आपण मध्ये पडून वाडगा वाचवणारच होतो.

"सर," अंजली मॅडम म्हणाल्या, "मला परवा सांगितलं असतं तर मी तांड्यावर गेले असते. बाया बसल्या असत्या. मी पण बसले असते. मला पत्रावळ टाचता येते आता." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बुऱ्याचं काही नाही. मी काल दिवसभर तुमच्यासाठी रडले. तुम्ही कष्टानं सांभाळलेलं गेलं म्हणून."

सरांनी चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

किसनराव घसा साफ करून सोनाजीला म्हणाले की तुझा काही दोष नाही, वाडगा राहू दे, तळंही तुझंच समज. पण तू बोलला का नाहीस रे काल?

सोनाजी दोन पावलं पुढं आला. साहेबांशी न बोलता भावाशी बोलला, तेही शेळीला हाकावं इतक्याच आवाजात.

"लेंड्या बघितल्या तवाच वळखल्या मी. ती राख आईची सवय हाय. आपल्या परसात ती अशीच मिसळायची. शेळ्यांचं नाव घेतलंस, त्याचं काही न्हाई. शेळ्यांना नावाचं काय. पन तुला ठाऊक व्हतं, दादा बोलनार न्हाई. ते धरूनच तू केलंस."

शिवहार सरांनी तोंड उघडलं. पण सोनाजी वळला होता, आणि त्याच्या मागं शेळ्याही वळल्या.

७

महोत्सव झाला. बाईंनी मोहनसिंगला टेम्पोसकट परत पाठवलं. परत जाताना त्यानं पत्रावळीवर जेवायला मिळेल का असं विचारलं. पत्रावळी नव्हत्या. पण गावजेवणाला माणसं आपापलं ताट-तांब्या घेऊन जातात, ही रीत इथं कुणाला शिकवावी लागत नाही. हनुमान वसतिगृहातून आणि गावातून बोंबलत फिरला, आणि दुपारी मैदानावर ताटंच ताटं झाली. जर्मनची, स्टीलची, पितळेची, चिरलेली, मामाच्या नावाची, लग्नात आलेली. जेवण झाल्यावर ज्यानं त्यानं आपलं ताट रांजणाच्या पाण्यात धुतलं आणि घरी नेलं. कचरा म्हणावा तर काहीच उरलं नाही. पत्रावळीचा बेत जमला असता तरी एवढा कचरा वाचला नसता, असं अंजली मॅडमनी शकुंतलाबाईंना सांगितलं, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रावळी आपण स्वतः सांभाळायच्या, असंही. शकुंतलाबाई म्हणाल्या, बराबर.

चौकशी समिती नेमली गेली. तिनं 'नैसर्गिक आपत्ती' असा निष्कर्ष काढला. सोनाजीच्या शेळ्यांना संशयातून मुक्त केल्याचं एक वाक्य बाईंनी हट्टानं त्यात घालून घेतलं. पुढच्या वर्षी परिसराला हरित पुरस्कार मिळाला आणि तो अध्यक्ष या नात्यानं शिवहार सरांनीच स्वीकारला. टाळ्या वाजल्या. अंजली मॅडमनी दुसऱ्या मार्गदर्शकाकडे नाव नोंदवलं होतं. त्या मागच्या रांगेत होत्या.

वाडगा आहे तिथंच आहे. शेळ्या तळ्यावर पाणी पितात. रोज सकाळी सोनाजी त्यांना चरायला घेऊन सरांच्या क्वार्टरवरूनच जातो, कारण तळ्याकडून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. पूर्वी तो पायरीपाशी थांबायचा. आता थांबत नाही. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पितळेचा तांब्या घासून लख्ख केला, पायरीवर पालथा ठेवला आणि पुढं गेला. आजवर सरांनी तो उचललेला नाही, की सरळ केलेला नाही. कामवालीलाही हात लावू देत नाहीत.

सर हल्ली काळा चहा पितात. कुणी विचारलं तर सांगतात, तब्येतीसाठी.